दोन दिवसांचा विसावा

लग्नाचे बोलावणे आले, जत्रा भरली, कुणाची वास्तुशांत निघाली, की प्रत्येक गावात एखादे घर असे असते, ज्यातले एक माणूस हटकून मागे राहते. कुणी विचारले तर "घरी जनावरं आहेत ना" एवढेच सांगितले जाते. जनावरे सगळ्यांकडेच असतात. खरे कारण त्या घरातले मूल असते. मांडवात वाजंत्री सुरू झाली की ते कानांवर हात दाबून किंचाळते, पंगतीत टिकत नाही, अनोळखी माणसाने लाडाने गालाला हात लावला की ओरबाडते. मग मांडवातल्या शंभर माना एकदम वळतात. त्या दोन-तीनदा वळल्या की पुढच्या वेळी आई घरीच राहते.

आमचे घर त्यांपैकीच एक. आम्ही कराड तालुक्यातले. ऊस, थोडे सोयाबीन, दोन म्हशी. थोरली मुलगी आणि तिच्या पाठीवरचा मुलगा. मुलाला स्वमग्नता आहे. डॉक्टर तिला ऑटिझम म्हणतात.

पुष्कळ घरांत हे नाव अजून पोचलेले नाही, म्हणून आधी चार शब्द त्याविषयी. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अमेरिकेत अकरा मुलांची हकिकत लिहून या अवस्थेला वेगळी ओळख दिली. ही मुले हाक मारली तरी पुष्कळदा वळून पाहत नाहीत. हवी ती वस्तू बोटाने दाखवण्याऐवजी आपला हात धरून तिकडे ओढत नेतात. काही मुले मुळीच बोलत नाहीत. काही एकाच विषयावर तासभर बोलतात. रोजचा क्रम मोडला की त्यांच्या पायाखालची जमीन सरकते. आपल्याला साधा वाटणारा आवाज, उजेड किंवा कापडाचा स्पर्श त्यांना सोसत नाही. मेंदूची घडणच मुळात वेगळी होते, आणि तिची सुरुवात मूल पोटात असतानाच झालेली असते. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे.

आई थंड वागते म्हणून मूल असे होते, असे एके काळी शिकलेले तज्ज्ञसुद्धा म्हणत. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्वतः अशा एका मुलाचे वडील. त्यांनी १९६४ साली पुस्तक लिहून ही समजूत खोडून काढली. लसीमुळे हे होते असे सुचवणारा १९९८ सालचा एक लेखही पुढे चुकीचा ठरला आणि ज्या मासिकाने तो छापला होता, त्यानेच तो २०१० साली मागे घेतला. तरी आपल्याकडे आईला अजून विचारतात, "पोटुशी असताना गिराण पाळलं नव्हतंस का गं?" ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही.

आता मुख्य गोष्ट. तालुक्याच्या गावी आमची मुले एका विशेष शाळेत जातात. तिथे महिन्यातून एकदा पालकांची बैठक होते. एका बैठकीत एक आई सहज म्हणाली, "लग्नाला बारा वर्षं झाली, पण आम्ही चौघं मिळून एक रात्र कुठं राहिलो नाही." त्यावर सगळेच गप्प झाले. प्रत्येकाच्या घरी तेच होते. शाळेच्या बाईंनी विचारले, "मग आपण सगळे मिळूनच जाऊ या का?" तिथून समुद्राला जायचे ठरले. जानेवारी २०२४ मधला, संक्रांत झाल्यावरचा शनिवार-रविवार धरला. पौषात लग्ने नसतात, त्यामुळे गाडी स्वस्त मिळते, हा हिशेब त्यामागे होता.

आम्ही पाच घरे. एक आमचे. एक एसटीत कंडक्टर असलेल्या गृहस्थांचे. एक आल्याची शेती करणाऱ्यांचे. त्यांच्याकडे मुलगी आहे. एक शिक्षिका, त्यांचे यजमान लष्करात. आणि एक सत्तरीतले आजी-आजोबा. त्यांचा मुलगा आणि सून मुंबईला कामाला असल्याने नातू त्यांच्याजवळ असतो. भावंडे आणि बाई धरून एकोणीस माणसे.

आमच्या ह्यांनी आधी नाहीच म्हटले. ऊसतोडीची टोळी कधी येईल याचा नेम नव्हता, आणि दोन म्हशी ओल्या. थोरल्या जाऊबाई चुलीपाशी होत्या, त्यांनी ते ऐकले. म्हणाल्या, "दोन दिवस धारा मी काढते. टोळी आली तर भाऊजींना फोन करते. पण तू जा. तुझं तोंड बघ कसं झालंय." शेतकऱ्याच्या घरातली बाई दोन दिवस बाहेर पडायची, तर तिच्या मागे कुणीतरी असे उभे राहावे लागते.

राहण्याची सोय सहज झाली नाही. एका ठिकाणी मुले कशी आहेत हे सांगितल्यावर "बाकीची गिऱ्हाइकं तक्रार करतात" असे उत्तर मिळाले. मग गुहागरला नारळी-पोफळीच्या वाडीत खोल्या भाड्याने देणाऱ्या एका गृहस्थांना बाईंनी फोन केला. कोण ओरडते, कोण रात्री उठते, कोण पळते, सगळे आधीच सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "ते असू दे हो. पोरं जेवतात काय नि किती वाजता, तेवढं सांगा." बाईंनी तिथेच खोल्या ठरवल्या.

अशा मुलाला नव्या जागी न्यायचे म्हणजे आधी तयारी हवी. बाईंनी प्रत्येक मुलासाठी पुठ्ठ्यावर सात चित्रे काढून दिली: घर, गाडी, घाट, खोली, समुद्र, अंथरूण आणि शेवटी पुन्हा घर. रोज रात्री जेवण झाले की आम्ही ती चित्रे ओळीने दाखवायचो. शेवटचे चित्र सगळ्यांत महत्त्वाचे. परत यायचे आहे हे मुलाला कळले, की त्याची भीती अर्धी होते. त्याचे स्टीलचे ताट, त्याचा पेला, त्याची गोधडी आणि त्याला चालणारी बिस्किटे बरोबर घेतली. आवाज अडवणारी कानपट्टी घेतली होती. ती नसेल तर कानात कापसाचे बोळेही थोडेफार काम करतात. सदऱ्याच्या आतल्या बाजूला मोबाइलचा नंबर कापडावर लिहून शिवला.

शनिवारी पहाटे निघालो. पाटण, कोयनानगर, हेळवाक, मग कुंभार्ली घाट. कंडक्टरसाहेबांना त्या रस्त्याचे वळण न् वळण पाठ, आणि त्यांच्या मुलाला कराड-चिपळूण गाड्यांच्या वेळा पाठ. समोरून लाल गाडी आली की तो वेळ सांगायचा आणि वडील घड्याळात बघून "बरोबर" म्हणायचे. घाटात माझ्या मुलाला उलटी झाली, आल्याच्या बागायतदारांची मुलगी तासभर एकसुरात गुणगुणत होती. गाडीत कुणी मान वळवली नाही. चिपळूण मागे पडले, आणि जेवणवेळेला गुहागर आले.

तिथला किनारा लांबलचक, सुरूच्या झाडांची सावली आणि गर्दी बेताची. पण समुद्र म्हणजे पाणी, आणि अशा पुष्कळ मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते. धोका न कळता ती सरळ आत चालत जातात. म्हणून बाईंनी एक नियम केला होता. पाळीवरच्या माणसाच्या गळ्यात शिट्टी. एका मुलामागे एक मोठे माणूस, अर्ध्या तासाची पाळी. पाळी संपली की शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात घालून, "आता तुमच्याकडे" असे तोंडाने म्हणायचे आणि समोरच्याने "हो" म्हणायचे. बाई म्हणाल्या, "सगळे बघत असतात ना, तेव्हा कुणीच बघत नसतं." वाडीच्या मालकांनी भरती-ओहोटीच्या वेळा सांगितल्या होत्या. ओहोटी लागली की गुडघ्याच्या वर पाण्यात जायचे नाही, हा दुसरा नियम.

शिट्टीचा हा नियम आपल्या मळ्यातही लागू आहे, म्हणून तो इतक्या तपशिलाने सांगते. आपल्याकडे समुद्र नसला तरी विहीर आहे, पाट आहे आणि आता ठिकठिकाणी शेततळी आहेत. शेततळ्याचा प्लॅस्टिकचा कागद बुळबुळीत असतो. पाय घसरून आत गेलेल्या मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. घरात किंवा शेजारी असे मूल असेल तर विहिरीला कठडा आणि जाळी, तळ्याला कुंपण आणि काठावरून आत सोडलेला गाठी मारलेला दोर, हे आधी करावे. आणि मूल दिसेनासे झाले तर रस्त्यावर धावण्याआधी पाण्याकडे धावावे.

त्या दुपारी माझ्या मुलाची पाळी शिक्षिकाबाईंकडे होती. मी खोलीत पाठ टेकली आणि दोन तास झोपले. दुपारची अशी झोप मला दहा वर्षांत मिळाली नव्हती. उठले तेव्हा आधी घाबरले, मग त्यांच्या गळ्यातली शिट्टी आठवली.

माझी मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. घरी शाळेतून आल्यावर तिचे पहिले काम भावाला बघणे. खेळतानाही तिची एक नजर त्याच्याकडे असते. त्या दिवशी ती पाण्यात भिजली, वाळूत लोळली आणि बराच वेळ तिने मागे वळून पाहिले नाही. संध्याकाळी भावंडांचा वेगळा घोळका पडवीत बसला होता. कंडक्टरसाहेबांचा धाकटा, नऊ वर्षांचा, माझ्या मुलीला विचारत होता, "ताई, तुझा भाऊपण रात्री उठून दिवे लावतो?" ती म्हणाली, "लावतो की. आणि तुझा?" मग दोघे जे हसत सुटले! हे ती आपल्या मैत्रिणींपाशी कधी बोलली नव्हती.

रात्रीच्या जेवणाला एकाने उभ्याने खाल्ले, एकाने नुसता कोरडा भात घेतला, एक चार घास खाऊन वाडीत फेऱ्या मारून येत होता. मालकीणबाई ताटे वाढत राहिल्या. "माफ करा हं, तो असाच आहे" हे वाक्य आम्ही दिवसातून दहादा म्हणतो. ते दोन दिवस कुणालाच म्हणावे लागले नाही. समुद्रापेक्षाही मला त्याचे समाधान अधिक वाटले.

मुले झोपल्यावर चांदण्यात बसलो. प्रत्येक घरात असते ते बोलणे तिथेही निघालेच. आजोबा म्हणाले, "आम्ही पिकली पानं. आमच्या माघारी याचं काय?" आईबापांचा खरा घोर तोच. बाईंनी त्यावर नीट समजावून सांगितले, तेवढे इथे लिहिते. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. २०१६ च्या नव्या कायद्यात ते आले. जिल्हा रुग्णालयातून तपासणी करून दिव्यांग प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढावे. ४० टक्के किंवा अधिक असल्यास वयाच्या ६ पासून १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली 'निरामय' नावाची आरोग्य विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो. मूल अठरा वर्षांचे झाले की जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करून त्याच्यासाठी कायदेशीर पालक नेमून घेता येतो. आजोबांनी हे सगळे पाकिटातल्या कागदावर उतरवून घेतले. त्यांचा घोर गेला असे मी म्हणणार नाही, पण सोमवारी कुठे जायचे ते त्यांना कळले.

मग आल्याचे बागायतदार म्हणाले, "आमची पोर रडायला लागली की रेडकाच्या अंगाला घट्ट चिकटून बसते. मग शांत होते. हे काय असावं?" त्यावर शिक्षिकाबाईंनी टेंपल ग्रँडिन या अमेरिकन बाईंची गोष्ट सांगितली. त्यांचा जन्म १९४७ चा. साडेतीन-चार वर्षांच्या होईपर्यंत त्या बोलत नव्हत्या, त्यांनाही स्वमग्नता. मावशीच्या गुरांच्या मळ्यावर गेल्या असता त्यांनी पाहिले, की लस टोचायला लाकडी खोड्यात दोन्ही बाजूंनी दाबून धरलेली गुरे पुष्कळदा शांत होतात. तसाच दाब आपल्यालाही शांत करतो हे त्यांनी अनुभवले आणि स्वतःसाठी तसे यंत्र बनवले. पुढे त्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या आणि जनावरे न बुजता पुढे जातील अशा वाटा आणि गोठे आखून देण्यात त्यांनी मोठे नाव मिळवले. सगळीच मुले अशी होत नाहीत, हे शिक्षिकाबाईंनी लगेच सांगितले. पण रेडकाला चिकटणाऱ्या पोरीच्या बापाचा चेहरा त्या रात्री पाहण्यासारखा झाला होता.

रविवारी सकाळी माझ्या मुलाचे बिनसले. किनाऱ्यावर दुसऱ्या एका सहलीने मोठ्याने गाणी लावली. कानपट्टी खोलीत राहिली होती. तो वाळूत आडवा पडला, हात चावू लागला. गावात असे झाले की लोक गोळा होतात, कुणी तोंडावर पाणी मारतो, कुणी दरडावतो, कुणी "दृष्ट काढा" म्हणतो. इथे शिक्षिकाबाई जाऊन गाणी बंद करवून आल्या. आजोबांनी छत्री धरून सावली केली. बाकीचे दहा पावलांवर पाठ फिरवून बसले. ह्यांनी गोधडी आणून त्याच्या अंगावर घट्ट लपेटली. कुणी एक शब्द बोलले नाही. वीसेक मिनिटांनी तो उठला आणि आपल्या आपण पाण्याकडे बोट दाखवले. तो बोटाने दाखवतो हे बाईंना शाळेत महिनोन् महिने शिकवावे लागले होते.

आल्याच्या बागायतदारांची मुलगी दोन दिवस वाळूत उतरली नाही. पायाला वाळू सोसेना. पण अंगणात सुपाऱ्या वाळत घातल्या होत्या. तिथे बसून तिने रविवारभर लहान सुपाऱ्या वेगळ्या आणि मोठ्या वेगळ्या निवडल्या. एक चुकली नाही. निघताना मालक तिच्या वडिलांना म्हणाले, "हिला सुपारीच्या दिवसांत पाठवा, मजुरी देतो." ते थट्टेने म्हणाले, पण वडिलांनी थट्टेवारी नेले नाही. अशी निवडानिवडीची, एका पद्धतीने होणारी कामे शेतीत पुष्कळ असतात, हे त्यांनी परतीच्या वाटेवर मला दोनदा सांगितले.

या दोन दिवसांनी मुले बदलली का? नाही. घरी आल्यावर माझा मुलगा दोन रात्री नीट झोपला नाही. रोजचा क्रम मोडला, त्याची ती भरपाई होती. पण कंडक्टरसाहेबांची पत्नी, ज्या बैठकीत कधी बोलत नसत, त्या आता मला दर आठवड्याला फोन करतात. आमच्या ह्यांना बोलायला माणूस मिळाला. पुरुषांना तर तेवढेही नसते. खर्च घरटी पाच हजार रुपये आला. पाच घरांनी वाटून घेतला म्हणून तेवढ्यात भागले.

वाचकहो, समुद्राला जाणे प्रत्येकाला जमेल असे नाही. पण तिथे आम्हांला जे मिळाले, ते गावातही देता येते. लग्नाचे बोलावणे करताना त्या आईला विचारा, "त्याला काय खायला चालतं, आणि किती वाजता?" वाजंत्रीपासून लांबची एक खोली त्याच्यासाठी मोकळी ठेवा. पहिल्या पंगतीच्याही आधी त्याला वाढा. लाडाने गाल ओढू नका. तो जवळ येईपर्यंत थांबा. तो किंचाळला तर पाठ फिरवून बसा आणि बाकीच्यांनाही बसवा. आणि जावेने, नणंदेने, शेजारणीने आठवड्यातून दोन तास "आता माझ्याकडे" म्हणून त्याची पाळी घ्यावी. जिची सुटका होईल ती बाई त्या दोन तासांत बहुधा झोपेल. तिला झोपू द्यावे.

आणि ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांनी शाळेच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर काढावा. पाच घरे जमली की पुरे. शेजारच्या तालुक्यातला मळा, नदीकाठचे देऊळ, हुरड्याचे शेत, काहीही चालेल. चित्रे काढायला पुठ्ठा लागतो आणि पाळीला शिट्टी. तारीख मात्र पौषातली धरावी, गाडी स्वस्त पडते.